विंडोज १० नंतर: लिनक्सवर विंडोजचे गेम खेळणारं कुणी आहे का इथे?

हुरडापार्टी

मंडळी, घरचा डेस्कटॉप जुना आहे पण भंगारात द्यावा इतका नाही. सहाव्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं, म्हणजे आम्ही दारातच अडलो. ओळखीचा दुकानदार म्हणाला, "नवीन घ्या साहेब." मी लिनक्स मिंट टाकलं. बँक, मेल, पोरीचे क्लास, पीडीएफ, सगळं सुरळीत चाललंय. प्रिंटर तर विंडोजपेक्षा लवकर सापडला, पण हे घरात कुणाला पटत नाही.

घोडं अडलंय ते गेम्सपाशी. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले विचर ३, एज ऑफ एम्पायर्स २ ची २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन आणि जीटीए ५ आहेत. तिन्ही विंडोजचे. क्रिकेट ०७ ची सीडी अजून जपून ठेवली आहे आणि ती सोडणार नाही. भाचा सुट्टीत आला की त्याला व्हॅलोरंट लागतं. वाइन, प्रोटॉन, लुट्रिस, बॉटल्स अशी नावं वाचली, पण कोण कुणाचं काय लागतं ते कळेना. हे एम्युलेटर (एका मशीनची नक्कल दुसऱ्यावर करणारा प्रोग्रॅम) असेल तर या म्हाताऱ्या मशीनला झेपेल का? आणि जुने सेव्ह राहतील की विचरमध्ये पुन्हा पहिल्या गावापासून सुरुवात?

जाणकारांनी सविस्तर लिहा. "गुगल करा" म्हणणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावे.

टर्मिनलतात्या

आधी ड्रायव्हर, मग बाकीचं. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जाऊन बघा. तिथे नूवो (खुला, फुकट ड्रायव्हर) निवडलेला असेल तर गेम सुरू होईल पण स्लाइड शो बघितल्यासारखं वाटेल. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर घ्या. तुमचं १०५० टीआय पास्कल पिढीचं आहे आणि त्या पिढीसाठी ५८० ही शेवटची ड्रायव्हर मालिका. त्यापुढचा ड्रायव्हर त्या कार्डाला ओळख देणार नाही. तेव्हा मॅनेजर सुचवेल तोच टाकायचा, नेटवरून सगळ्यात मोठा आकडा उतरवून घ्यायच्या फंदात पडायचं नाही.

स्टीम मिंटच्या नेहमीच्या पॅकेजमधून टाका. फ्लॅटपॅकवालं, म्हणजे वेगळ्या डब्यात बंद केलेलं स्टीमही दिसेल. ते वाईट नाही, पण दुसऱ्या डिस्कवरच्या फोल्डरची परवानगी त्याला वेगळी द्यावी लागते आणि नवा माणूस तिथेच गोंधळतो. उबंटूवर असाल तर स्नॅप हा तसाच दुसरा डबा टाळा, वाल्वची (स्टीमची मालक कंपनी) माणसंसुद्धा तेच सांगतात. मग स्टीममध्ये लॉगिन करा, विचर ३ वर इन्स्टॉल दाबा आणि चहा घ्या. पूर्वी सेटिंगमध्ये जाऊन "सगळ्या गेमना प्रोटॉन लावा" अशी टिक करावी लागे, हल्लीच्या स्टीममध्ये तीही लागत नाही.

आता एम्युलेटरचं. नाही, एम्युलेटर नाही, म्हणून तर जुन्या मशीनला झेपतं. विंडोजच्या गेमची फाइल इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठीच बनलेली असते आणि तुमचा प्रोसेसर तोच आहे. तिथे काही बदलावं लागत नाही, सूचना थेट चालतात. फरक पडतो तो प्रोग्रॅम सिस्टिमकडे काही मागतो तेव्हा: ही फाइल उघड, खिडकी काढ, कुठली कळ दाबली ते सांग. विंडोजच्या जागी ही उत्तरं देणारा प्रोग्रॅम म्हणजे वाइन. १९९३ मध्ये बॉब अ‍ॅमस्टॅड आणि एरिक यंगडेल यांनी सुरू केला तेव्हा समोर विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम होते. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार त्याची धुरा वाहतोय. आवृत्ती १.० यायला जून २००८ उजाडलं. पंधरा वर्षं! आणि हे सगळं मायक्रोसॉफ्टच्या सोर्सकोडकडे न बघता. ज्याने तो कोड पाहिलाय त्याचं योगदान वाइनवाले घेतच नाहीत. विंडोज अमुक मागणीला काय उत्तर देतं हे बाहेरून चाचण्या करून शोधायचं आणि तसंच उत्तर देणारं स्वतः लिहायचं. कुठल्या चुकीला विंडोज कुठला एरर क्रमांक देतं इथपर्यंत जुळवावं लागतं, कारण काही गेम त्या चुकीवर विसंबून असतात.

गेमचं घोडं अडायचं ते ग्राफिक्सपाशी. विंडोजचे गेम डायरेक्टथ्रीडी या मायक्रोसॉफ्टच्या ग्राफिक्सच्या भाषेत बोलतात (डायरेक्टएक्सचाच तो भाग). वाइन ते ओपनजीएल या जुन्या खुल्या भाषेत उतरवायचा आणि त्यात वेग जायचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हल्कन ही नवी खुली भाषा आली. फिलिप रेबोले नावाच्या डेव्हलपरला निअर: ऑटोमाटा लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने डायरेक्टथ्रीडी ११ व्हल्कनमध्ये उतरवणारं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. वाल्वने त्याला पाठबळ दिलं. वाइन, डीएक्सव्हीके आणि आणखी बऱ्याच दुरुस्त्या एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीममधून जे दिलं ते प्रोटॉन. पहिल्या दिवशी अधिकृत यादीत २७ गेम होते. आता लोक विचारतात ते काय चालत नाही ते, कारण ती यादी छोटी आहे.

लुट्रिस, बॉटल्स, हिरोइक ही वरची सोय, आत यंत्र तेच. स्टीमबाहेरचे गेम लावायला वापरतात. एपिक आणि जीओजीवर खरेदी असेल तर हिरोइक.

तुमच्या तिघांबद्दल: एज ऑफ एम्पायर्स चालतो. विचर ३ उत्तम चालतो, पण सुरू होताना डायरेक्टएक्स ११ आणि १२ असं विचारेल तेव्हा ११ निवडा. डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर १२ वालं रूप जड झालंय, १०५० टीआयच्या ४ जीबी मेमरीत ते मावत नाही. शिवाय १२ चं भाषांतर वेगळा प्रकल्प करतो, व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन, आणि एनव्हिडियाच्या कार्डांवर त्यात विंडोजच्या तुलनेत फटका बसतो. एएमडीवाल्यांना तो कमी जाणवतो. जीटीएचं गणपत सांगेल, तो येईलच.

जीपीयू_गणपत

आलो तात्या.

हुरडाभाऊ, जीटीए ५ ची गोष्टवाली बाजू मस्त पळते. ऑनलाइन विसरा. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने बॅटलआय हे अँटीचीट (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारा प्रोग्रॅम) लावलं आणि लिनक्ससाठी ते चालू केलं नाही. आदल्या दिवसापर्यंत लोक खेळत होते, दुसऱ्या दिवशी बाहेर.

व्हॅलोरंट तर नावच काढू नका. त्याचं अँटीचीट व्हॅनगार्ड हा विंडोजच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) बसणारा ड्रायव्हर आहे, मशीन सुरू होतानाच चढतो. वाइन प्रोग्रॅमना विंडोज असल्याचं भासवतं, पण खाली विंडोजचा कर्नलच नाही, तर ड्रायव्हर बसणार कुठे? लीग ऑफ लेजंड्स इतकी वर्षं वाइनवर खेळत होते लोक. मे २०२४ मध्ये त्यालाही व्हॅनगार्ड लागलं आणि खेळ खल्लास.

पण "अँटीचीट म्हणजे लिनक्सवर बंद" हेही खरं नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्येच ईझी अँटीचीट आणि बॅटलआय दोघांनी प्रोटॉनला हात दिला. गेम बनवणाऱ्याने ते चालू करायचं, एवढंच. एल्डन रिंगने केलं, चालतो. आता गंमत ऐका. ईझी अँटीचीटची मालक एपिक, आणि एपिकचाच फोर्टनाइट लिनक्सवर नाही. एपेक्स लेजंड्सने आधी चालू केलं आणि ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी बंद केलं, म्हणाले लिनक्सवरून चीटर फार येतात. म्हणजे तांत्रिक भिंत पडली तरी दार उघडायचं की नाही ते मालकाच्या हातात.

भाच्याला सांगा काउंटर-स्ट्राइक २ खेळ. त्याचं लिनक्ससाठी बनवलेलं रूप आहे, तो फुकट आहे, डोटा २ चंही तसंच. रुसेल दोन दिवस.

चिकित्सक

धागाकर्त्यांना एक व्यावहारिक प्रश्न. विंडोज १० चा वाढीव सुरक्षा कार्यक्रम घरगुती वापरकर्त्यांसाठीही होता, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर चढवला तर पैसेही लागत नव्हते. मग ही सगळी उठाठेव कशासाठी? वेगळ्या एसएसडीवर विंडोज ठेवावं, गेम तिथे खेळावेत, कामं लिनक्सवर करावीत. ड्युअल बूट हा सुटलेला प्रश्न आहे.

आणि टर्मिनलतात्यांच्या उत्साहाला थोडा आवर घालतो. लिनक्ससाठी मूळ रूपात गेम बनावेत अशी चळवळ होती. फेरल आणि अस्पायरसारख्या कंपन्या चांगले पोर्ट (विंडोजच्या गेमची लिनक्ससाठीची रूपं) करत होत्या. प्रोटॉन आल्यावर ते आटलं. आज बहुतेक स्टुडिओ म्हणतात, विंडोजचंच चालतंय ना, मग वेगळं कशाला करू? ही प्रगती की परावलंबन?

टर्मिनलतात्या

चिकित्सकराव, ड्युअल बूटला माझी ना नाही. ज्याला व्हॅलोरंट किंवा नवे ईए एफसी खेळायचेच आहेत त्याला दुसरा इलाज नाही.

पोर्टांबद्दल मात्र भांडतो. ते पोर्ट किती टिकले बघा. २०१४-१५ मध्ये आलेले कित्येक आज नव्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांवर) उघडत नाहीत, कारण खालच्या लायब्ररी बदलल्या आणि कंपनीने पुन्हा बांधून दिले नाहीत. त्याच गेमची विंडोजवाली प्रत प्रोटॉनवर पळते. रॉकेट लीगचं लिनक्स रूप मार्च २०२० मध्ये कंपनीनेच बंद केलं, विंडोजचं रूप वाइनमध्ये चालू राहिलं. लिनक्सवर जुन्या प्रोग्रॅमसाठी सगळ्यात न बदलणारा पाया कुठला, तर मायक्रोसॉफ्टचा विन३२, म्हणजे विंडोजच्या प्रोग्रॅमांच्या मागण्यांचा ठरलेला संच. मला हे आवडत नाही, पण तसं आहे. स्टुडिओला पाच डिस्ट्रो तपासायला लावण्यापेक्षा एक विंडोज प्रत तपासून घेतलेली बरी.

परावलंबनाची भीती मला दुसरीकडे वाटते. हा सगळा डोलारा एका कंपनीच्या पैशावर उभा आहे. वाइन आणि डीएक्सव्हीकेचा कोड खुला आहे, उद्या वाल्वने हात काढला तरी तो कुठे जात नाही. पण पगार जातील.

फ्रँकफुर्टकर

वाल्वचा स्वार्थ काय हे थोडं सांगतो, कारण भारतात स्टीम डेक (वाल्वचा हातात धरून खेळायचा पीसी) अधिकृतपणे मिळत नसल्याने तिकडे ही बाजू कमी दिसते.

२०१२ मध्ये विंडोज ८ येणार होतं, त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान. वाल्वचा प्रमुख गेब नुएल तेव्हा जाहीरपणे म्हणाला होता की पीसीवाल्या सगळ्यांसाठी हे विंडोज म्हणजे अरिष्ट आहे. उद्या मायक्रोसॉफ्टने आपल्याच दुकानातून घ्या म्हटलं तर स्टीमचं काय, ही धास्ती. म्हणून फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं. २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे डबे आले आणि आपटले, कारण गेमच नव्हते. गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून गेम नाहीत. प्रोटॉनने ते चक्र तोडलं आणि मग फेब्रुवारी २०२२ मध्ये डेक आला. आत आर्च या लिनक्सवर बांधलेलं स्टीमओएस, पण विकत घेणाऱ्याला कळतही नाही की हे लिनक्स आहे. माझ्या बायकोला अजून माहीत नाही. ती त्यावर स्टारड्यू व्हॅली खेळते आणि मला प्रवासात मिळत नाही.

डेकचा फायदा तुम्हा डेस्कटॉपवाल्यांनाही होतो. एल्डन रिंग विंडोजवर नवी जागा आली की अडखळत होता. वाल्वच्या लोकांनी प्रोटॉनमध्ये त्यावर उपाय केला आणि काही काळ तो डेकवर जास्त सलग चालत होता. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीम सर्वेक्षणात लिनक्स पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेलं. आकडा छोटा आहे, पण दहा वर्षांपूर्वी एक टक्का म्हणजे मोठी गोष्ट होती. पुढच्याच महिन्यात वाल्वने स्टीम मशीन पुन्हा जाहीर केलं, या वेळी गेम हाताशी ठेवून.

खरेदीआधी प्रोटॉनडीबी ही वेबसाइट बघायची सवय लावा. लोक आपापल्या मशीनवरचा अनुभव लिहितात: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ, आणि अजिबात नाही. वरचा शिक्का बघून थांबू नका, खाली उतरून आपल्यासारख्या कार्डवाल्याची ताजी नोंद वाचा. तीन वर्षांपूर्वीच्या तक्रारीला आज अर्थ नसतो.

हुरडापार्टी

मंडळी, सगळ्यांचे आभार. ड्रायव्हर टाकला, स्टीम टाकलं. माझे गेम जुन्या डी ड्राइव्हवर आधीच होते, पुन्हा ५० जीबी कोण उतरवणार, म्हणून स्टीमला तोच फोल्डर दाखवला. गेम दिसतात, प्ले दाबलं की बटण क्षणभर बदलतं आणि परत प्ले. ना एरर, ना काही. एज ऑफ एम्पायर्सचंही तेच.

टर्मिनलतात्या

डी ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने मांडलेला आहे. लिनक्सवर गेम खेळू पाहणारे निम्मे लोक याच खड्ड्यात पडतात.

प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक वेगळं खोटं विंडोज मांडतो, त्याला प्रिफिक्स म्हणतात. वाड्यात प्रत्येक भाडेकरूला वेगळं मीटर असतं तसं. एकाचं वायरिंग जळलं तरी दुसऱ्याचा दिवा चालू. हे प्रिफिक्स स्टीमच्या लायब्ररीत स्टीमॲप्सच्या आत कॉम्पॅटडेटा नावाच्या फोल्डरमध्ये बसतात आणि प्रत्येकाला गेमचा स्टीमवरचा क्रमांक असतो. विचर ३ चा २९२०३०. त्यात पीएफएक्स, त्यात ड्राइव्ह-सी, आणि तिथे खरोखर विंडोज, सिस्टिम३२, युजर्स असे फोल्डर दिसतील. हे मांडताना लिनक्सच्या पद्धतीचे दुवे लागतात, फाइलनावात विसर्गचिन्हासारखे ते दोन टिंब लागतात, मालकी आणि परवानग्या लागतात. एनटीएफएसवर यातलं काही ना काही बिनसतं आणि गेम गुपचूप मरतो. त्यातून विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू राहिलं असेल तर शटडाउन पुरतं झालेलंच नसतं आणि लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं.

उपाय: पुन्हा उतरवू नका. लिनक्सच्या ईएक्सटी४ विभाजनावर स्टीमची नवी लायब्ररी करा. स्टीम बंद करून गेमचा फोल्डर डी वरून तिकडे स्टीमॲप्सच्या कॉमनमध्ये कॉपी करा, मग स्टीममध्ये इन्स्टॉल दाबा. ते आधीच्या फाइल तपासून घेईल आणि उरलंसुरलं तेवढंच आणेल.

सेव्हबद्दल विचारलं होतं. स्टीम क्लाउड चालू असेल तर आपोआप येतील. नसतील तर विंडोजच्या डॉक्युमेंट्समध्ये "द विचर ३" फोल्डर, त्यात गेमसेव्ह्ज. तो उचला आणि २९२०३० च्या आत ड्राइव्ह-सी, युजर्स, स्टीमयूजर, डॉक्युमेंट्स इथे ठेवा. गेम एकदा सुरू करून बंद केल्यावरच हे करा, म्हणजे ते फोल्डर तयार झालेले असतील.

जीपीयू_गणपत

आणि पहिल्यांदा सुरू करताना "व्हल्कन शेडर प्रोसेस करतोय" अशी पट्टी येईल. ती स्किप करायचा मोह होतो. नका करू. गेमचे शेडर (पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तुमच्या कार्डासाठी आधीच तयार करून ठेवण्याचं काम चाललेलं असतं. स्किप केलं तर तेच काम खेळताना होतं आणि ऐन मारामारीत पडदा अडकतो. ड्रायव्हर बदलला की ती पट्टी पुन्हा येते, तेव्हा दचकू नका.

एखादा गेम नवा असेल आणि साध्या प्रोटॉनवर रुसला, किंवा आतले व्हिडिओ काळे दिसले, तर जीई-प्रोटॉन टाकून बघा. ग्लोरियसएगरोल नावाचा भाऊ बनवतो, अधिकृत नाही, पण व्हिडिओच्या कोडेकची भानगड त्यात आधी सुटते. प्रोटॉनअप-क्यूटी नावाचं छोटं ॲप आहे, त्यातून दोन क्लिकमध्ये येतं. मग गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन निवडायचं.

ओसाडगावचा

माझ्याकडे लॅपटॉप आहे, तिसऱ्या पिढीचा आय५, इंटेलचं एचडी ४००० ग्राफिक्स. वरचं सगळं करून बघितलं, एकही गेम उघडत नाही. लिनक्स हळू झालंय की मी?

टर्मिनलतात्या

तुम्ही नाही, चिप. डीएक्सव्हीकेच्या २.० आवृत्तीला (नोव्हेंबर २०२२) व्हल्कन १.३ लागतं आणि तुमच्या चिपकडे व्हल्कन पुरतं नाहीच. इंटेलमध्ये सहाव्या पिढीपासून पुढे निर्धास्त. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ६०० आणि बहुतेक ७०० कार्डांचंही असंच दुखणं आहे, त्यांच्यासाठी जुनं प्रोटॉन निवडून निभावतं. तुम्हाला प्रोटॉनला सांगावं लागेल की व्हल्कन सोड आणि जुन्या पद्धतीने ओपनजीएल वापर. तो पर्याय वाइनडीथ्रीडी या नावाने शोधा, गेमच्या लाँच ऑप्शन्समध्ये टाकायचा असतो. डायरेक्टएक्स ९ पर्यंतचे गेम त्यावर बरे चालतात. त्या लॅपटॉपवर नाहीतरी तेवढेच झेपतील.

सफरचंदी

इथे मॅकवाल्यांना जागा आहे का? एम१ एअर आहे, ८ जीबी. पूर्वीच्या इंटेल मॅकवर बूटकॅम्पने विंडोज टाकून खेळायचे. आता बूटकॅम्प नाही.

फ्रँकफुर्टकर

जागा आहे, पण खुर्ची थोडी डगमगती. तुमच्याकडे अडचण दुहेरी. वर तात्या म्हणाले की प्रोसेसर तोच असल्याने सूचना थेट चालतात. तुमचा प्रोसेसर आर्म आहे, म्हणजे आधी ॲपलच्या रोझेटा २ या प्रोग्रॅमने सूचना बदलायच्या, मग वाइनने विंडोजच्या मागण्या, मग डायरेक्टथ्रीडीचं ॲपलच्या मेटलमध्ये. तीन थर. तरी आश्चर्य वाटावं इतकं चालतं. ॲपलने २०२३ मध्ये गेम पोर्टिंग टूलकिट आणलं, त्यातलं वाइन क्रॉसओव्हर या वाइनवर बांधलेल्या विकतच्या ॲपच्याच खुल्या कोडवर उभं आहे. ते डेव्हलपरसाठी आहे, घरगुती माणसाने सरळ क्रॉसओव्हर घ्यावं. पैसे लागतात, पण चाचणीकाळ मिळतो, त्यात आपला गेम तपासून घ्या. ते पैसे वाइनवर काम करणाऱ्यांनाच जातात. व्हिस्की नावाचं फुकट ॲप होतं, त्याच्या कर्त्याने २०२५ मध्ये काम थांबवलं आणि लोकांना क्रॉसओव्हरकडेच पाठवलं.

८ जीबीत सिस्टिम आणि ग्राफिक्स दोघांचं भागवायचं, शिवाय एअरला पंखा नाही. जुने, हलके गेम घ्या. आणि रोझेटा फार काळ राहणार नाही, मॅकओएस २७ नंतर ते बहुतांशी काढणार असं ॲपलने सांगितलंय. काही जुन्या गेमपुरतं ठेवतील म्हणतात. महागडी लायब्ररी जमवू नका.

डॉसकालीन

क्रिकेट ०७ वर कुणी बोलेना, म्हणून मी येतो.

स्टीमबाहेरचा गेम आहे, तेव्हा बॉटल्स किंवा लुट्रिसमध्ये त्याच्यासाठी वेगळा प्रिफिक्स करा. वाइनच्या सेटिंगमध्ये ड्राइव्ह्ज असा टॅब असतो, तिथे सीडी जिथे माउंट झाली आहे तो फोल्डर जोडून त्याचा प्रकार सीडी-रॉम असा द्या. नाहीतर इन्स्टॉलर अर्ध्यात दुसरी डिस्क घाला म्हणत बसतो. नव्या संघांचे, नव्या जर्सीचे पॅच टाकत असाल तर पॅचचा सेटअपही त्याच प्रिफिक्समधून चालवा. डबल क्लिक केलंत तर तो दुसऱ्याच प्रिफिक्समध्ये उघडेल आणि "गेम सापडला नाही" म्हणेल, कारण गेम कुठे आहे ते तो त्या प्रिफिक्सच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) शोधतो.

त्या काळच्या सीडींची एक मजा सांगतो. कित्येकींवर सेफडिस्क नावाचं कुलूप होतं, ते विंडोजच्या एका ड्रायव्हरवर चालायचं. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भगदाड निघालं म्हणून २०१५ मध्ये विंडोज १० ने तो बाहेर ठेवला. म्हणजे पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडी विंडोजवरच चालेना! वाइनमध्येही या कुलपांची कटकट आहेच. नव्वदच्या दशकातल्या सीडींवर इन्स्टॉलर बऱ्याचदा १६-बिट असतो. ६४-बिट विंडोज त्याला हातही लावत नाही. वाइनच्या ३२-बिट प्रिफिक्समध्ये तो गुमान चालतो. माझे काही जुने गेम आज फक्त लिनक्सवरच बसतात.

त्याहून जुनं, म्हणजे डेंजरस डेव्ह, १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया असे डॉसवरचे गेम, त्यांना वाइन नको, डॉसबॉक्स. तो मात्र खरा एम्युलेटर.

हुरडापार्टी

ईएक्सटी४ वर हलवलं आणि दोन्ही सुरू झाले. विचर ३ डायरेक्टएक्स ११, मध्यम सेटिंग, विंडोजवर होता त्यात आणि यात मला फरक दिसत नाही. सेव्हही आले. क्रिकेट ०७ इन्स्टॉल झाला, पण पडदा चौकोनी, दोन्ही बाजूंना काळे पट्टे, आणि गेमपॅड हलवला नाही तरी फलंदाज आपोआप लेगला सरकतो.

डॉसकालीन

चौकोनी असणारच, गेम त्या काळचा. रुंद पडद्याचा पॅच स्वतंत्र मिळतो, तोही त्याच प्रिफिक्समध्ये. गेमपॅडसाठी वाइनच्या कंट्रोल पॅनेलमध्ये गेम कंट्रोलर्स उघडा. तिथे एकच पॅड दोनदा दिसत असेल, त्यातला एक बंद करा. एकच दिसत असेल आणि काडी मध्ये सोडूनही खूण हलत असेल तर पॅड झिजलाय, त्याला तात्याही काही करू शकत नाहीत.

छापखानावाला

अवांतर आहे, पण विचारतो. गेम चालतात तर आमचं डीटीपीचं सॉफ्टवेअर चालेल का? मराठी फॉन्टचं आहे, मागे यूएसबी डोंगल लावावं लागतं. दुकानातलं मशीनही विंडोज १० वर अडकलंय.

टर्मिनलतात्या

प्रोग्रॅम कदाचित उघडेल, डोंगल ओळखेल याची आशा धरू नका. कारण गणपतने व्हॅलोरंटचं सांगितलं तेच: डोंगलला स्वतःचा विंडोज ड्रायव्हर लागतो आणि खाली विंडोजचा कर्नल नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकून यूएसबी त्याला जोडून द्या. गेमना ग्राफिक्स लागतं म्हणून तो मार्ग परवडत नाही, डीटीपीला चालून जातो. आधी दुसऱ्या मशीनवर करून बघा, लग्नसराई संपल्यावर.